पुढचा शाफ्ट

सोमवार, ३ फेब्रुवारी

...आणि त्या सकाळी मी आधी अंथरुणं उचलली, मग केर काढला, मग ह्यांचे कामाचे कपडे गरम पाण्यात बुडवायला घेतले. बुडवायच्या आधी खिसे उलटे करायचे, हा रोजचा नेम. कधी नट निघायचा, कधी वॉशर, कधी तारेचा तुकडा. जे निघेल ते खिडकीतल्या वाडग्यात टाकायचं. त्या दिवशी तांब्याची एक चकती निघाली. ती वाडग्यात टाकली, दूध तापत ठेवलं आणि पँटच्या गुडघ्यांना ब्रश लावायला बसले, तोच शेडमधून हाक आली, "अगं ए, ये वाचायला!"

मी साबणाच्या हातांनीच गेले. ट्रकच्या मॅन्युअलच्या त्या पानावर माझ्या ओल्या बोटांचे डाग अजून आहेत. इकडे दूध उतू गेलं ते गेलंच.

आज ते पान उघडलं म्हणून ती सकाळ आठवली. एरवी तिच्यात आठवण्यासारखं काही नव्हतं.

ही वही लेकीने दिली आहे. "मनातलं लिहीत जा आई," म्हणाली. मनातलं काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडलेलं लिहिते.

आज ठेकेदार येऊन गेला. हा डोंगरात विजेचे खांब पोचवायची कामं घेतो. ह्यांनी आपल्या ट्रकने त्याचे कितीतरी खांब वर नेऊन दिले. चारही चाकांना जोर असलेला ट्रक, चिखल असो की चढ, कधी मागे सरला नाही. शेजारीण मला चिडवायची, "तुझी सवत शेडमध्ये राहते, आणि खाणंपिणं तुझ्यापेक्षा जास्त आहे तिचं." ते खरंच होतं.

हे गेल्यापासून ट्रक शेडमध्ये उभा आहे. ठेकेदाराला तो हवा आहे, पण एक अट घातली. म्हणाला, "काकू, राग मानू नका. शेवटी शेवटी काकांचे हात किती थरथरायचे ते सगळ्यांनी पाहिलंय. कप उचलता येत नव्हता त्यांना. त्या हातांनी अख्खं इंजिन उघडून परत बांधलं, आणि त्यानंतर ट्रकने ओझं म्हणून ओढलेलं नाही. चढावर मध्येच बसलं तर माझी माणसं जातील. तपासणी केंद्रात रोलरवर घाला, किती जोर निघतो ते कळू दे. चांगला निघाला तर मी आनंदाने नेतो. नाही तर भंगारवाल्याला सांगू."

मी बरं म्हटलं. दुसरं काही म्हणाले नाही.

इथे मात्र लिहिते, ही वही कुणी वाचत नाही. ते इंजिन थरथरत्या हातांनी बांधलेलं नाही. त्या सकाळी मी पान वाचत होते आणि हे पाना धरू पाहत होते. तीनदा पाना बोल्टवरून घसरला. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू आवळ, मी सांगतो." मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग इकडचा, मग तिकडचा, असं बाहेर बाहेर जायचं. पाना टक्‌ वाजला की थांबायचं. हे स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "बस. पुढचा." सगळं इंजिन असंच झालं. नंतर म्हणाले, "कुणाला सांगू नको हं. हसतील मला." मी सांगितलं नाही.

तेव्हा रोलरवर जे कळेल ते माझ्या हातांचं कळेल. आणि भंगारात गेलं तर नाव त्यांचं जाईल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तपासणी केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसाचा आवाज मोठा आहे, बहुतेक दिवसभर मशीनच्या वर ओरडून. त्याला मी रोलरवाला म्हणते.

तो म्हणाला, "आमच्याकडे दोनच चाकांचे रोलर आहेत, बाई. मागची चाकं रोलरवर, पुढची जमिनीवर. तुमची गाडी चारही चाकांनी ओढणारी. तशीच चढवली तर मागची जागच्या जागी फिरणार आणि पुढची धावायला बघणार. गाडी उडी मारून माझ्या काचेतून आत येईल. मला बायकामुलं आहेत."

"मग काय करायचं?"

"पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढायचा. आणि मधल्या पेटीचं लॉक घालायचं. एवढं तयार करून आणा. वीस तारखेला सकाळी या."

लॉकचा दांडा मला माहीत आहे. गिअरच्या शेजारी, लाल मुठीचा. त्याचा डॅशबोर्डवरचा दिवा कधीचाच गेला आहे. हे म्हणायचे, दिवा कशाला, हाताला कळतं.

संध्याकाळी लेकीचा फोन. रोज जेवायच्या वेळेलाच येतो. "जेवलीस का? काय केलंस आज? मग?" सगळं सांगून झालं तरी तिचं "मग?" असतंच. हिला काही काम नाही की काय. जावईबापू कामासाठी बाहेरगावी असतात, महिन्यातून एकदा घरी. मोकळा वेळ असेल. म्हणाली, "ट्रक चालू केलास की मला फोनवर ऐकव ना आवाज." मी म्हटलं, डिझेल काय फुकट येतं? ती हसली नाही. मी फोन ठेवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त आहेत आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्यांना गाडी कशी चालवावी ते सांगतात. मला लायसन्स नाही, ट्रक केंद्रात तेच नेणार.

चाकांना लाकडी ठोकळे लावले, खाली गोधडी पसरली. भाऊजींचं पोट गाडीखाली जाईना.

"वहिनी, हा ट्रक खाली बसलाय की मी वर आलोय?"

"तुम्ही बाजूला व्हा. मी जाते."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक गाडीखाली येऊन बघणार आहेत का?"

ट्रकखाली मी ह्या आधीही झोपले आहे, पण शेजारी नेहमी हे असायचे. दिवा मी धरायची. आज दिवा एका बाजूला टेकवून ठेवला तर उजेड पाहिजे तिथे पडेना. दिवा धरणं हेसुद्धा काम होतं, ते आज कळलं.

काढायच्या आधी खूण. हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. शाफ्टच्या टोकाला एक गोल तबकडी असते, ती पेटीच्या तबकडीला चार बोल्टांनी जोडलेली. काढली तशीच परत बसली पाहिजे, नाही तर गाडी थरथरते. म्हणून दोन्हींवरून मिळून एक रेघ ओढायची. पिवळ्या रंगाचा डबा उघडला तर आत दगड झालेला. घरात शोधाशोध केली. लेकीच्या कपाटात नखांना लावायच्या लाल रंगाची जुनी बाटली सापडली. तबकडीवरची माती फडक्याने पुसली, तर खाली त्यांची पिवळी रेघ निघाली. बारीक, सरळ. म्हणजे हात थरथरायला लागायच्या आधीची. तिच्या शेजारी मी माझी लाल ओढली.

बोल्ट निघाले. शाफ्ट अंगावर येईल इतका जड. भाऊजींनी बाहेरून ओढून घेतला, मी जुन्या चादरीत गुंडाळला.

"बारशाला न्यायचंय का?" भाऊजी म्हणाले.

मग केबिनमध्ये चढून लाल मुठीचा दांडा मी मागे ओढला. घट्ट होता, पण थोडा हलला. ठोकळे काढले. भाऊजींनी इंजिन चालू केलं. आवाज सुरेख. क्लच, पहिला गिअर, क्लच सोडला.

ट्रक जागचा हलला नाही.

भाऊजींनी आणखी डिझेल दिलं. इंजिन ओरडलं, खाली काहीतरी गरगर फिरल्याचा आवाज आला, पण चाकं जशीच्या तशी. दुसरा गिअर. रिव्हर्स. काही नाही.

भाऊजींनी इंजिन बंद केलं. 

"गेला, वहिनी. आतून गेला. दादाच्या हातून काहीतरी राहिलं असणार."

मी शेडचं दार ओढून घेतलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

वाडग्यातली तांब्याची चकती चिंचेने घासली. चकचकीत झाली. कशाची आहे ते मॅन्युअलमध्ये सापडलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मॅन्युअल दोन दिवस वाचते आहे. मला शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं जोडायला मी लग्नानंतर शिकले ती ह्याच मॅन्युअलवर, कारण ह्यांना त्याहून कमी यायचं आणि पुस्तकाशिवाय ट्रक दुरुस्त होईना. त्यामुळे 'चंद्र' वाचता यायच्या आधी मला 'क्लच' वाचता आलं. पुढे वाचनालयातून कथा-कादंबऱ्या आणायला लागले. मला वाटायचं, मला वाचता येतं.

पण आता कळतंय की मॅन्युअलचं अक्षर न् अक्षर मी मोठ्याने म्हटलेलं असलं, तरी ते त्यांच्या कानांसाठी म्हटलेलं होतं. मी आवाज द्यायची. समजून घेण्याचं काम त्यांचं. वाक्य ओळखीचं वाटतं आणि आत शिरत नाही.

दुपारी ठेकेदाराचा फोन. भाऊजींनी त्याला परस्पर सांगून टाकलं. "काकू, गाडी हलत नाही म्हणे. जाऊ द्या. तुम्ही काकांसाठी खूप केलंत. शनिवारी-रविवारी भंगारवाल्याला पाठवू का?"

मी म्हटलं, वीस तारीख अजून गेलेली नाही.

मग भाऊजींना फोन केला. "तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"अहो, तुम्हाला रोज शेडमध्ये बसलेलं बघवत नाही मला. एकदाचं सुटाल म्हणून..."

"मी बांधलेली आहे का सुटायला?"

मी फोन ठेवून दिला.

खरं लिहायचं तर ट्रक हलला नाही तेव्हा वाईट वाटलं. आणि त्याच्या मागोमाग एक हलकंपणही वाटलं. आता कुणी नेणार नाही, राहील इथेच. भंगाराचा विचार नंतर आला. ह्याची लाज वाटते, पण घडलेलं लिहायचं ठरवलं आहे.

संध्याकाळी लेकीला सांगावं लागलं, आवाजावरून ती ओळखतेच. म्हणाली, "इंजिनात काही नसणार आई. तुमच्या दोघांचं काम आहे ते." मला बरं वाटावं म्हणून म्हणते. मग म्हणाली, "इकडे ये ना थोडे दिवस. मागची खोली रिकामीच आहे." मी म्हटलं, बघू. मला कुणाच्या घरी सांभाळायला ठेवलेलं सामान व्हायचं नाही. "तू काय जेवलीस?" असं तिने विचारलं, मी म्हटलं, अंडं उकडलं. "मी पण," ती म्हणाली, "एकटीसाठी काय मांडायचं." तिला स्वयंपाकाचा कंटाळा लहानपणापासूनच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

केंद्रात जाऊन वीस तारीख रद्द करून यायचं ठरवलं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर नाही म्हणायला मला जमत नाही, समोर बसून जमतं.

रोलरवाला आवाजापेक्षा लहान निघाला. बुटका, चष्मा कपाळावर, हातात डबा. डबा बाजूला ठेवून त्याने सगळं ऐकलं.

"थांबा. आधी काय केलंत? आधी शाफ्ट काढला की आधी लॉक घातलं?"

"आधी शाफ्ट."

"आणि मग उभ्या गाडीत लॉक ओढलं."

"हो."

त्याने कपाळावर हात मारला, तर चष्मा खाली आला. "अहो बाई, गाडीला काही झालेलं नाही! लॉक बसलंच नाही तुमचं. ते उभ्या गाडीत बसत नाही, आतले दाते समोरासमोर यावे लागतात. गाडी हळू चालत असताना ओढायचं असतं. दिवा नाही का लागला?"

"दिवा कधीचा गेलाय."

"मग बरोबर." त्याने डब्यातले दोन चमचे घेतले, टेबलावर आडवे ठेवले आणि मध्ये झाकण ठेवलं. "हे बघा. ही मधली पेटी. इंजिनचा जोर इथे येतो आणि पुढे-मागे वाटला जातो. दोन्हीकडे ओझं आहे तोवर वाटणी ठीक. आता हा पुढचा काढला." त्याने एक चमचा उचलला. "ही बाजू रिकामी झाली. तिकडे अडवणारं कुणी नाही. मग सगळा जोर तिकडेच पळतो. कितीही डिझेल द्या, सगळं रिकाम्या बाजूला फिरून जाणार. मागच्या चाकांपर्यंत काही पोचतच नाही. चाकं धडधाकट असतात बिचारी, पण त्यांना कुणी विचारतच नाही. लॉक घातलं की पेटीला कळतं, आता जे काही आहे ते मागे द्यायचं."

मी चमच्याकडे बघत राहिले. हे वाक्य मॅन्युअलमध्ये आहे. मी ते मोठ्याने वाचलेलंही आहे.

"आता काय करू?"

"सोपं आहे. गिअर काढून ठेवा. एकाने केबिनमध्ये दांडा ओढून धरायचा, दुसऱ्याने खाली जाऊन ती सुटी तबकडी हाताने फिरवायची. दाते जुळले की टक्‌ होईल. मग तबकडी हाताने फिरणार नाही. फिरली नाही म्हणजे लॉक बसलं. ठोकळे मात्र लावा." मग म्हणाला, "दोन माणसं लागतील. आहे ना कुणी?"

मी म्हटलं, आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

भाऊजींना बोलवायला फोन हातात घेतला होता. ठेवून दिला. त्या दिवशी त्यांना बोलले ते अजून घशात आहे.

ठोकळे लावले, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. ह्यांचा जुना चामडी पट्टा लाल मुठीला अडकवला, मागे ताणून सीटच्या लोखंडाला बांधला. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा गाठ मारली आणि गाठीवर गाठ.

मग खाली गेले. पाठीखाली गोधडी, तोंडावर मातीचे कण. तबकडी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. हलकी फिरत होती, काही अडवत नव्हतं. माझी लाल रेघ आणि त्यांची पिवळी रेघ, दोन्ही वर आल्या, खाली गेल्या, परत वर आल्या. कितीदा फिरवली ते मोजलं नाही. मध्ये थोडा वेळ नुसतीच फिरवत राहिले, कशासाठी फिरवते आहे ते विसरून. पट्टा सैल झाला असेल म्हणून वर जाऊन ताणून आले. परत खाली. परत फिरवली.

वरून कुणीतरी "बस" म्हणेल असं वाटत होतं.

आणि मग हाताला लागलं. आवाज इतका बारीक की कानाला आला की मनगटाला, ते सांगता येणार नाही. टक्‌. तबकडी थांबली. मी जोर लावला, दोन्ही पाय जमिनीला रेटून जोर लावला. हलली नाही.

मी तशीच पडून राहिले. थोडं रडू आलं. गाडीखाली डोळे पुसता येत नाहीत, हात काळे असतात.

संध्याकाळी भाऊजी आपणहून आले, दारात उभे राहिले. "वहिनी, शिव्या देऊन झाल्या असतील तर चहा मिळेल का?"

मी त्यांना केबिनमध्ये बसवलं. त्यांनी पट्ट्याची गाठ बघितली. ठोकळे काढले, इंजिन चालू केलं, क्लच सोडला. ट्रक शेडच्या दारातून बाहेर आला. सावकाश, म्हातारा माणूस पायरी उतरतो तसा.

भाऊजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "दादाची माफी मागतो, वहिनी."

"चहात साखर किती?" मी विचारलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सगळं नीट लिहायचं आहे.

गेलो ते हळूहळूच, मागच्या दोन चाकांवर. चादरीत गुंडाळलेला शाफ्ट माझ्या पायाशी. ठेकेदार आधीच येऊन उभा होता.

रोलरवाला आधी वाकून गाडीखाली गेला, पुढची बाजू सुटी आहे ना ते हाताने चाचपून आला. मग ट्रक मागे घेऊन मागची चाकं रोलरवर बसवली. पुढच्या चाकांना ठोकळे, चारही कोपऱ्यांना जाड पट्टे, ते जमिनीतल्या कड्यांना आवळलेले. धुराच्या नळीला मोठी नळी लावली. समोर पंखा, माणसाच्या उंचीचा. सवतीला एवढं नटवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आम्हाला त्याने काचेच्या मागे उभं केलं आणि स्वतः केबिनमध्ये चढला.

पहिला, दुसरा, तिसरा गिअर. मागची चाकं फिरायला लागली आणि पुढची गप्प. ट्रक पळत होता आणि कुठे जात नव्हता. मग त्याने पाय दाबला.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेडमध्ये ते इंजिन ओझ्याशिवायच फिरलेलं. हे म्हणायचे, ओझं घातल्याशिवाय कळत नाही. काच थरथरली. पट्टे ताणले. ठेकेदार एक पाऊल मागे सरला. काचेवर टेकलेल्या माझ्या हाताला इंजिन लागत होतं, आणि मी मनात एकेक बोल्ट म्हणत होते, मधला, इकडचा, तिकडचा. एखादा कमी आवळला गेला असेल तर आत्ता कळेल. आत्ता. आत्ता.

मशीनच्या पडद्यावरची जोराची रेघ चढत गेली. कुठे अडखळली नाही.

रोलरवाल्याने पाय काढला. चाकं फिरून फिरून थांबली. तो खाली उतरला, पडदा बघितला, चष्मा वर केला, परत बघितला. पुन्हा एकदा चढून सगळं परत केलं. रेघ आधीच्या रेघेवरच बसली.

"नवीन असताना जेवढा होता, त्याच्या अगदी जवळ," तो ठेकेदाराला म्हणाला. "ह्या वयाच्या गाडीत मी हे बघितलेलं नाही. इंजिनाचं हेड कुणी बसवलंय?"

ठेकेदार माझ्याकडे बघत होता. भाऊजी पण.

"ह्यांनी," मी म्हटलं.

खोटं नाही ते. पाना माझ्या हातात होता एवढंच.

ठेकेदाराने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "काकू, मी बोललो ते विसरा." मी म्हटलं, विसरायला मला वेळ लागतो, पण बघते. तो हसला. ट्रक न्यायला परवा त्याचा ड्रायव्हर येईल. डोंगरात न्यायचा, तेव्हा चारही चाकं लागती करून द्यायची आहेत.

घरी आले तेव्हा घर अगदी गप्प होतं. लेकीचा फोन वाजला तेव्हा मी खिडकीशी उभी होते. उचलला नाही. आज काही सांगायला घेतलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. फोन पुष्कळ वेळ वाजला. मग थांबला. थांबल्यावर खोलीत जे उरलं ते ऐकत उभी राहिले, आणि पहिल्यांदाच मनात आलं की तिकडेही आता असंच असेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज ट्रक गेला. आता कालचं लिहिते.

काल सकाळी अंथरूण उचललं, केर काढला. भाऊजी आले. मी ट्रकखाली गेले, शाफ्ट चादरीतून काढून वर धरला. भाऊजी पोट आत घेऊन कसेबसे खाली शिरले आणि दिवा धरून राहिले. लाल रेघ लाल रेघेला, पिवळी पिवळीला जुळवली, चारही बोल्ट बसवले, पाना टक्‌ वाजेपर्यंत आवळले. भाऊजींनी ट्रक अंगणात पुढे-मागे घेऊन लॉक सोडवलं. मग इंजिन तसंच चालू ठेवायला सांगितलं.

हात पुसले आणि मी लेकीला फोन लावला. तिने उचलला, घाबरून म्हणाली, "आई? काय झालं?" मी फोन इंजिनाजवळ धरला, पुष्कळ वेळ. परत कानाला लावला तेव्हा ती रडत होती.

मी विचारलं, "जेवलीस का?"